सावरगावचे सोयरे

आमच्या सेंटरवर दोन गोष्टींचा तुटवडा कधी पडत नाही. एक रिकामे कॅरेट आणि दुसरे किस्से. दोन्ही जगभर फिरून परत येतात. कॅरेट येताना थोडं झिजून येतं, किस्सा मात्र फुगून येतो! मी चहाच्या टपरीवर सांगितलेला किस्सा परवा मलाच एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितला, आणि त्यात मी होतो तरी मला ओळखू आला नाही. तेव्हा म्हटलं, आणखी फुगायच्या आत लिहून टाकलेलं बरं.

सेंटर म्हणजे संत्र्यांचं. सौंसरच्या बाजूच्या बागांतून माल येतो, आमच्याकडे पांढुर्ण्याला धुतला जातो, वाळतो, त्यावर मेणाचा पातळ हात फिरतो, साईझप्रमाणे निवडला जातो आणि ट्रकनं दूरदूरच्या शहरांत जातो. मी भास्कर, मूळचा सौंसरचा, इथे डिस्पॅच पाहतो. ट्रक निघाला की माझं काम संपतं. ट्रक पोचला की व्यापाऱ्यांच्या शिव्या खायचं काम सुरू होतं!

मागच्या सीझनला त्या शिव्या फारच वाढल्या. संत्र्यांवर पोचेपर्यंत तपकिरी डाग पडायचे, काही नरम व्हायची. पुण्याच्या हेड ऑफिसनं सरळ सांगून टाकलं की यंदाही असाच माल गेला, तर सेंटर बंद. आता मला काय, मी कुठेतरी चिकटलो असतो. पण निवडीच्या लाइनवर चाळीसेक बाया आहेत. त्यांच्या पुढारी वंदनाताई. आधी दुसऱ्यांच्या शेतात रोजानं निंदायला जायच्या. इथे लागल्या तेव्हा कुठे त्यांची मुलगी छिंदवाड्याला कॉलेजात गेली. सेंटर बंद, की वंदनाताई पुन्हा निंदायला आणि मुलगी घरी. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

अशात पुण्याहून कौस्तुभ सर आले.

*

सर तिशीचे, हसरे, आणि प्रश्न विचारायची जबरदस्त खोड. त्यांना दोन कामं दिली होती. माल सुधारायचा आणि सेंटरवर 'इनोव्हेशनचं कल्चर' तयार करायचं.

पहिल्याच सकाळी त्यांनी सगळ्यांना मशीनजवळ बोलावलं. म्हणाले, "प्रत्येकानं एक आयडिया सांगायची. वेडी चालेल, चुकीची चालेल. इथे कोणी हसणार नाही!"

सगळे आपापल्या चपला पाहायला लागले. मशीन चालवणारे गजूभाऊ तर अशा बारकाईनं पाहत होते की जणू चपलेतच आयडिया अडकली आहे.

शेवटी सरांनीच सुरुवात केली. "बायकांच्या बांगड्या संत्र्यांना लागतात. कामाच्या वेळी काढून ठेवल्या तर?"

"हाव सर," बाया एका सुरात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बांगड्या जिथल्या तिथे! आमच्याकडे 'हाव सर' म्हणजे ऐकलं. केलं, असा त्याचा अर्थ कोणी कधी लावलेला नाही. सर बिचारे नवीन होते.

तिसऱ्या दिवशी वंदनाताई हळूच म्हणाल्या, "मी नाही म्हणत सर, पण सावरगावले गजूभाऊचे एक सोयरे आहे. त्याईच्या इकडं बाया काय करते, जुन्या मोज्याचा पंजा कापून मनगटावर चढवते. बांगडी आतमंदी, संत्रा बाहेर. कोणालेच दिक्कत नाही."

सरांनी गजूभाऊंकडे पाहिलं. गजूभाऊंना सावरगावला असे कोणी सोयरे नाहीत, हे आम्हां सगळ्यांना माहीत. पण गजूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "हाव ना. करते त्या तसं."

दुसऱ्या दिवशी लाइनवर मोजेच मोजे! शाळेचे पांढरे, नवऱ्याचे काळे, एका मनगटावर तर अस्वलाचं चित्र. खरचटलेली संत्री त्या आठवड्यातच कमी झाली.

सर खूश. "वंदनाताई, काय आयडिया काढली तुम्ही!"

"माही नाही सर," ताई मागे सरकल्या. "सोयऱ्याची आहे."

*

सरांना चैन पडेना. टपरीवर मला म्हणाले, "भास्करभाऊ, चांगल्या कामाचं नाव घ्यायला कोणी का घाबरतं?"

मी म्हटलं, "सर, तुम्हाला वाघोबा माहीत आहे?"

गजूभाऊंच्या वडिलांच्या बागेत वानरांचा फार त्रास होता. त्यांनी डोकं चालवलं. कुठूनतरी वाघाच्या डरकाळ्या भरून आणल्या आणि भोंग्यावर लावल्या. वानरं पहिल्यांदा पळाली. मग एकेक करून परत आली आणि भोंग्याभोवती बसून आरामात ऐकायला लागली. इकडे गावातली सगळी गुरं मात्र दावी तोडून पळाली! दोन म्हशी थेट रेल्वे स्टेशनजवळ सापडल्या.

तेव्हापासून वडिलांचं नाव पडलं वाघोबा. वडील गेले, नाव राहिलं. आता गजूभाऊ म्हणजे 'वाघोबाचा गजू'. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा चौकात घर विचारलं तर सांगणाऱ्यानं विचारलं, "कोणते गजूभाऊ? वाघोबाच्या घरचे का?"

"सर, आमच्याकडे माणूस फसला की नाव पडतं," मी म्हटलं, "आणि ते नातवंडांपर्यंत पुरतं."

सरांनी चहाचा रिकामा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "पण वानरं आधी पळाली तर होती! आयडिया चांगली होती हो!"

"हे तुम्ही गजूभाऊंना सांगा," मी म्हटलं. त्यांना असं आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं.

*

सरांनी ते खरंच सांगितलं असावं. कारण पुढच्याच आठवड्यात गजूभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "मी नाही म्हणत, पण आपले सावरगाववाले सोयरे आहे ना, ते संत्रा धुतल्यावर कूलरच्या हवेनं वाळवून राहिले."

धुतलेला माल लवकर वाळत नव्हता हे खरंच होतं. गोदामात उन्हाळ्यातला मोठा कूलर धूळ खात पडला होता. लाइनच्या तोंडाशी आणून ठेवला. गजूभाऊंनी बटण दाबलं.

हवा जोरदार! पण कूलरच्या ताट्यांतली गवताची खस उन्हाळ्यापासून वाळून कुरकुरीत झाली होती. तिचे बारीक बारीक तुकडे उडाले आणि पुढे मेणाचा ओला हात बसलेल्या संत्र्यांवर जाऊन नीट चिकटले. लाइनवरून एकेक दाढीवालं संत्रं येऊ लागलं! बाया हसून हसून खाली बसल्या. आमचा स्टोअरकीपर एक संत्रं हातात घेऊन म्हणाला, "हे तं आमच्या मामासारखं दिसून राहिलं!"

तो सगळा माल पुन्हा धुवावा लागला. मला वाटलं, आता गजूभाऊंचं काही खरं नाही. वाघोबाच्या पोटी दाढीवाला जन्माला आलाच म्हणून समजा.

पण झालं भलतंच. वंदनाताई हसू आवरत म्हणाल्या, "त्या सोयऱ्याले अक्कलच नाही बाप्पा!"

"नाहीच आहे," गजूभाऊ म्हणाले. "म्या त्याले म्हटलं होतं, खस काढून घे म्हणून."

आणि खस काढून दुसऱ्या दिवशी कूलर पुन्हा लावला. मस्त चालला. अजूनही चालतो. गजूभाऊंना नाव पडलं नाही. सगळं सोयऱ्यावर गेलं.

सर कोपऱ्यात उभे राहून हे पाहत होते. आमच्या मिटिंगा पाहतानाही त्यांचे डोळे इतके चमकले नव्हते.

*

सर दर महिन्याला पुण्याला रिपोर्ट पाठवायचे. खोटं कसं लिहिणार? जे ऐकलं तेच लिहिलं: मोजे, कूलर, कॅरेटच्या तळाला कागदाची कात्रणं, सगळ्याच्या पुढे 'सावरगावचे सोयरे'. हेड ऑफिसला वाटलं, हा कोणी प्रचंड हुशार माणूस आहे. त्यांनी सोयऱ्यांना 'इनोव्हेटर' म्हणून टी-शर्ट द्यायचं ठरवलं आणि साईझ विचारली!

मोठा पेच. सरांनी मिटिंगमध्ये विचारलं, "कसे आहेत हो अंगानं?"

"जाड आहे," गजूभाऊ म्हणाले.

"कायचे जाड! काटकुळे तं आहे," स्टोअरकीपर म्हणाला. दोघांचं चांगलंच वाजलं. दोघांनीही माणूस पाहिलेला नाही आणि दोघंही माघार घ्यायला तयार नाहीत.

शेवटी वंदनाताईंनी निकाल दिला. "सर, मोठाच मागवा. हिवाळ्याचे दिवस आहे, आतमंदी स्वेटर घालता येते."

टी-शर्ट आला. तो लाइनजवळच्या खिळ्याला अजून टांगलेला आहे. पण मागोमाग पुण्याहून निरोप आला, की सोयऱ्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, हेड ऑफिसच्या मोठ्या मॅडमना बोलायचं आहे.

सर गांगरले. वंदनाताई मात्र पापणी न लववता म्हणाल्या, "ते नाही येऊ शकत. त्याईचा गुडघा दुखून राहिला."

"ताई, व्हिडिओ कॉलला गुडघा कशाला लागतो?"

"गच्चीवर चढा लागते ना सर! खाली रेंजच नाही."

सरांनी हे जसंच्या तसं पुण्याला कळवलं.

*

पण पुणेरी माणूस. एका रविवारी म्हणाले, "भास्करभाऊ, गाडी काढा. सावरगावला जाऊ."

सावरगाव म्हणजे काही परमुलूख नाही. मध्ये जाम नदी, वर पूल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला या काठावरून त्या काठावर दगड चालतात आणि उरलेलं वर्षभर सोयरिकी चालतात. मी गाडीला किक मारली. नाही म्हणून सांगणार काय?

पूल ओलांडून एका टपरीवर थांबलो. सरांनी बाकावरच्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "इथे पांढुर्ण्याच्या गजूभाऊंचे एक सोयरे राहतात का? नवीन नवीन आयडिया काढतात. गुडघा दुखतो त्यांचा."

"गुडघा तं इथं सगळ्याईचाच दुखते," बाबा म्हणाले.

तेवढ्यात सरांचं लक्ष चहावाल्याच्या शेगडीकडे गेलं. कोळशाची शेगडी, पण खाली जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवलेला. बटण दाबलं की कोळसे लालभडक! फुंकणी नाही, धूर नाही.

"अरे वा!" सर वाकून पाहायला लागले. "ही आयडिया तुमची?"

चहावाल्यानं घाईघाईनं हात झटकले. "माही कायची बाप्पा! पांढुर्ण्याले आमचे एक सोयरे आहे. त्याईनं करून पाह्यलं होतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.

येताना पुलाच्या मध्यावर सर असे हसायला लागले की मागून गाडी डुलायला लागली. डोळे पुसत म्हणाले, "भास्करभाऊ, आमच्याकडे यासाठी कन्सल्टंट ठेवतात!"

*

इतकं सगळं होऊनही तपकिरी डाग काही जात नव्हते. कमी झाले, पण गेले नाहीत. सीझन अर्ध्यावर आला होता. वंदनाताई लाइनवर पूर्वीसारख्या गाणी म्हणत नव्हत्या.

एका सोमवारी लाइट गेली ती रात्री आली. त्या दिवशी आलेले कॅरेट तसेच सावलीत पडून राहिले आणि मंगळवारी लाइनवर चढले. त्या ट्रकच्या मालाला डाग जवळजवळ नव्हतेच. सरांनी हे हेरलं. चार दिवस ते नुसते संत्री दाबून, वास घेऊन, साल वाकवून पाहत हिंडत होते. मग एका सकाळी मिटिंगमध्ये उभे राहिले. नेहमी "मला असं वाटतं" म्हणून सुरू करणारा माणूस, त्या दिवशी घसा खाकरून म्हणाला,

"मी नाही म्हणत, पण सावरगावला आपले एक सोयरे आहेत..."

सगळ्यांच्या माना चपलांवरून वर आल्या.

"ते म्हणतात, ताज्या संत्र्याची साल ताठ असते. लगेच धुण्याच्या ब्रशखाली घातली की सालीतलं तेल फुटतं आणि तिथेच डाग पडतो. एक दिवस सावलीत आराम दिला, की साल सैल होते."

गजूभाऊंनी विचारलं, "कोणते सोयरे सर? ते गुडघेवाले?"

"हो, तेच."

"मंग करून पाहू."

'हाव सर' नाही, 'करून पाहू'! सरांचा चेहरा असा फुलला, की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

पण अडचण भिंतीवरच टांगलेली होती. लाल अक्षरांत मोठा बोर्ड: 'आज तोडला, आज निघाला!' हा हेड ऑफिसचा नियम, आणि तो काढला होता खुद्द मोठ्या मॅडमनी. त्याच्याविरुद्ध माल एक दिवस थांबवायचा म्हणजे फसलं की संपलंच.

मिटिंग संपल्यावर वंदनाताई सरांजवळ आल्या. "सर, कूलर फसला तवा सोयऱ्यावर ढकललं. हे फसलं तं सोयरे वाचतीन. आपण नाही वाचत."

"माहीत आहे ताई," सर म्हणाले.

तरी माल थांबवला. वंदनाताई जाता-येता कॅरेटवरचं पोतं उचलून पाहायच्या, आजारी लेकराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं. ट्रक गेला. पोचायचा दिवस आला आणि माझा फोन वाजेना! सकाळ गेली, दुपार गेली. मी गजूभाऊंना म्हटलं, "जरा मला फोन लावून पाहा, बिघडला वाटतं."

लागला. नीट चालू होता. व्यापाऱ्याला शिव्या द्यायला काही सापडलंच नव्हतं.

*

आता शेवटचा किस्सा.

माल सुधारला, पण हेड ऑफिसला एवढंच दिसलं, की ट्रक एक दिवस उशिरा निघतात. मोठ्या मॅडम स्वतः आल्या. पन्नाशीच्या, कडक, पायात बूट. गाडीतून उतरून थेट शेडमध्ये. पोत्याखालचे कॅरेट पाहिले आणि बोर्डाकडे बोट केलं.

"हा बोर्ड कोणाला वाचता येत नाही का?"

सर पुढे झाले. "मॅडम, सावरगावला..."

"रिपोर्टमध्ये वाचलंय मी त्यांच्याबद्दल. बोलवा त्यांना. सेंटर ठेवायचं की नाही, ते मी आज ठरवूनच जाणार आहे."

"त्याईचा गुडघा..." वंदनाताई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मध्येच तुटला.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मनगटावरच्या मोज्याकडे पाहिलं. मग आज तोडलेलं एक संत्रं उचललं आणि सालीवर अंगठा दाबला. तेलाची चिळकांडी सरळ चष्म्यावर! चष्मा पुसला. कालचं संत्रं घेतलं, दाबलं. काही नाही. आणखी एक घेतलं. काही नाही.

"मोजा आहे का एखादा जास्तीचा?" त्या म्हणाल्या.

अस्वलाचा होता. तो घड्याळावर चढवून मॅडम वंदनाताईंच्या शेजारी लाइनवर उभ्या राहिल्या आणि निवड करायला लागल्या. आधी आजचा माल चालवायला लावला, मग कालचा.

मध्येच त्यांनी विचारलं, "सेंटर बंद झालं तर काय कराल?"

"काय करीन मॅडम, निंदाले जाईन," वंदनाताई हात न थांबवता म्हणाल्या. "पोरगी म्हणून राहिली का कॉलेज सोडतो. ते नाही सोडू देत मी."

तेवढ्यात मॅडमना त्यांच्या वरच्या साहेबांचा फोन आला. त्या बोर्डाखाली जाऊन उभ्या राहिल्या. गजूभाऊंनी हळूच मशीन बंद केलं. आम्ही सगळे पुन्हा आपापल्या चपला पाहायला लागलो.

"हो सर, सेंटरवरच आहे... नाही, बंद नको. हे सेंटर राहू दे. उलट तो सेम-डेचा नियम काढून टाकू या. माल एक दिवस थांबवायचा."

पलीकडून कोणीतरी मोठ्यानं बोललं. इकडे शब्द कळले नाहीत, आवाज पोचला.

"माहीत आहे सर. तो नियम माझाच होता."

पुन्हा आवाज. जरा जास्तच वेळ. मॅडमनी एकदा वर बोर्डाकडे पाहिलं, एकदा खिळ्यावरच्या टी-शर्टकडे, आणि घसा खाकरला.

"नाही नाही सर, मी नाही म्हणत. इथे सावरगाव म्हणून गाव आहे. तिथे आपले एक सोयरे आहेत, त्यांनी करून पाहिलंय."

वंदनाताईंच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

"हो तर! भेटले ना मी त्यांना," मॅडम म्हणाल्या. "आत्ता? नाही सर, आत्ता नाही येऊ शकणार ते फोनवर. गुडघा दुखतो त्यांचा."